सुईतलं तेल

कापसाच्या जिनिंगमध्ये 35 वर्षं काढलेले एक काका माझ्या मेडिकलवर नेमाने येतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतली गाठ काढल्यापासून त्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन पुरेसं तयार होत नाही, म्हणून इंजेक्शन चालू आहे. डिसेंबरातल्या एका सकाळी कुपीच्या तळाशी बारीक खडे जमलेले दिसले. थंडीत असं होतं. कुपी तळहातात धरून कोमट करायची, हलवायची, की ते विरघळतात. काकांनी ती हातात घेऊन उजेडात तिरकी केली. आतला पिवळसर द्रव काचेवरून सावकाश ओघळला. "हाई तेल शे का भाऊ?"

तेलच! त्यांच्या कुपीत तिळाचं. कंपनी आणि औषध बदललं की तेलही बदलतं: कुठे शेंगदाण्याचं, कुठे एरंडेल, आणि सिपिओनेट नावाच्या प्रकारात चक्क सरकीचं. ज्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे त्याने तर पाकिटावरचं बारीक अक्षर वाचलंच पाहिजे.

तेल कशासाठी? 1935 साली बुटेनांट आणि रुझिका यांनी टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत बनवलं, पण नुसतं टेस्टोस्टेरॉन टोचलं तर यकृत बघता बघता त्याची विल्हेवाट लावतं. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूला मेदाम्लाची शेपटी जोडली. यालाच एस्टर म्हणतात. प्रोपिओनेटची शेपटी 3 कार्बनची, इनँथेटची 7, अनडेकॅनोएटची 11. शेपटी जितकी लांब, तितकी त्या रेणूला तेलाची ओढ जास्त. स्नायूत टोचलेल्या तेलाचं छोटं तळं साचतं. रेणूला तेल सोडून भोवतालच्या पाणीदार द्रवात उतरावं लागतं आणि हीच पायरी सगळ्यात संथ असते. एकदा रक्तात आला की तिथली एन्झाइम्स शेपटी झटपट कापतात आणि टेस्टोस्टेरॉन मोकळं होतं.

केळीच्या बागेला उंचावरच्या टाकीतून ठिबक देणाऱ्याला हे लगेच कळेल. टाकी भरलेली असते तेव्हा पाणी जोरात पडतं, तळ गाठला की थेंबही अडखळतात. इनँथेट 2 आठवड्यांतून एकदा घेतलं की नेमकं हेच होतं. पहिले दोन-तीन दिवस पातळी गरजेपेक्षा वर जाते: मुरुमं, चिडचिड, झोप उडणं. चरबीतलं अ‍ॅरोमॅटेज नावाचं एन्झाइम जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन करतं, त्यामुळे छाती हुळहुळते. शेवटच्या चार दिवसांत अंगातली हवा गेल्यासारखं होतं. काकू म्हणायच्या, "सुईनंतर तीन दिवस यांच्याशी बोलायची सोय नाही." डॉक्टरांनी औषध बदललं नाही. तोच डोस अर्धा करून दर आठवड्याला दिला. शिखर ठेंगणं झालं, दरी भरली. असं असताना काही जण परस्पर इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या गोळ्या मागायला येतात, याचं मला वाईट वाटतं.

ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते तो दुष्परिणाम मात्र जाणवत नाही. टेस्टोस्टेरॉनमुळे यकृतातलं हेप्सिडिन हे लोह अडवणारं हार्मोन घटतं, लोहाची वाट मोकळी होते, मूत्रपिंडाकडून लाल पेशी बनवायला लावणाऱ्या एरिथ्रोपोएटिनचा रेटा वाढतो आणि लाल पेशी वाढत जातात. रक्तातला त्यांचा वाटा म्हणजे हिमॅटोक्रिट. तो 54 टक्क्यांच्या वर गेला तर उपचार थांबवून, तो उतरल्यावर कमी डोसने पुन्हा सुरुवात करतात. म्हणून आधी एकदा, मग 3 ते 6 महिन्यांनी, नंतर दरवर्षी तपासणी. कातडीवर लावायच्या जेलपेक्षा सुईने तो जास्त चढतो. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 अंशांवर जातो. शरीरातलं पाणी आटलं की हाच आकडा खोटा वाढलेला दिसतो. उन्हातून तसंच लॅबमध्ये जाऊन रक्त देऊ नका, आदल्या दिवशी भरपूर पाणी प्या.

एरंडेलातल्या अनडेकॅनोएटची सुई 10 ते 14 आठवडे पुरते, पण तेलाचे सूक्ष्म थेंब फुप्फुसात गेले तर खोकल्याची उबळ येते. म्हणून ती अगदी हळू द्यायची आणि नंतर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं. जेलने चढउतार कमी, पण ते दुसऱ्याला लागतं. उघड्या अंगाने नातवाला खांद्यावर घेतलं तर त्या कोवळ्या शरीरात ते जातं. लावून हात साबणाने धुवा, वाळू द्या, वर बनियन घाला. वाळेपर्यंत बिडी नको, जेलमध्ये पेट घेणारं अल्कोहोल असतं. अनडेकॅनोएटच्या जुन्या पद्धतीच्या कॅप्सूल तूप-तेल असलेल्या जेवणासोबतच घ्यायच्या. हे औषध मेदाबरोबर लसिकेतून (लिम्फमधून) जातं, उपाशीपोटी ते फारसं लागूच पडत नाही.

आता जिमला जाणाऱ्या पोरांबद्दल. एसटी स्टँडच्या भिंतींवर 'धातू' आणि 'मर्दानगी'च्या जाहिराती रंगवलेल्या असतात. वीर्याचा थेंब रक्ताच्या शेकडो थेंबांतून बनतो, हे साफ थोतांड आहे. शुक्राणू वृषणात तयार होतात, त्याला साधारण 70 दिवस लागतात आणि त्यासाठी वृषणातच रक्ताच्या कित्येक पटींनी जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं. बाहेरून सुई दिली की मेंदूला वाटतं पुरवठा भरपूर आहे. मग तो पिट्युटरीतून वृषणाला जाणारे एलएच आणि एफएसएच हे हार्मोनचे संदेश थांबवतो. वृषणातलं उत्पादन बंद पडतं, वृषण लहान होतात, शुक्राणू शून्यावरही येऊ शकतात. सुई थांबवल्यावर ते परत यायला कित्येक महिने, कधी वर्षभराहून जास्त लागतं. पिट्युटरीचा दोष असलेल्या आणि मूल हव्या असलेल्या पुरुषाला म्हणूनच डॉक्टर एलएचसारखं काम करणारं एचसीजी देतात, म्हणजे वृषण स्वतःच कामाला लागतात.

मागच्या आठवड्यात पंचविशीतला एक मुलगा मोबाइलवर कुपीचा फोटो दाखवून ती मागत होता. दोन महिन्यांवर लग्न. सकाळी उपाशीपोटी दोन वेगवेगळ्या दिवशी टेस्टोस्टेरॉन तपासलंय का, असं विचारलं, तर एकदाही नाही. मी कुपी दिली नाही. आधीच कुठून सुया घेतल्यास का, तेही विचारलं. तीन, म्हणाला. वीर्यतपासणी करून हार्मोनच्या डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं आणि कागदावर एलएच, एफएसएच, हिमॅटोक्रिट असं लिहून तो कागद त्याच्या हातात दिला.