कटिंग मशीनला कोणता पुठ्ठा मानवतो?

तालुक्याच्या बाजारात ‘चिपबोर्ड द्या’ असे म्हटले, तर प्लायवूडवाला लाकडाच्या चुऱ्याचा, फर्निचरचा जाड बोर्ड पुढे करतो. नक्षी कापणाऱ्या छोट्या यंत्राला लागणारा चिपबोर्ड तो नव्हे. हा रद्दी कागदाच्या लगद्यापासून केलेला राखाडी पुठ्ठा असतो आणि बाइंडिंगवाल्याकडे तो ‘ग्रे बोर्ड’ या नावाने मिळतो. महालक्ष्म्यांच्या मखराची जाळी कापायची असो वा तान्ह्या पोळ्याच्या नंदीची सजावट, काम बिघडते ते बहुधा या पुठ्ठ्याच्या निवडीतच.

दुकानदार जाडी सांगतो किंवा ‘जीएसएम’, म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन. पण पात्याला किती विरोध होईल हे दोन्ही आकडे एकत्र पाहिल्यावरच कळते. त्यासाठी १० सेंमी × १० सेंमीचा तुकडा सोनाराच्या काट्यावर तोलावा. तो १२ ग्रॅम भरला, तर पुठ्ठा १२०० जीएसएमचा. असे दहा तुकडे एकावर एक ठेवून शाळेच्या पट्टीने मोजल्यावर २० मिमी भरले, तर एकाची जाडी २ मिमी आणि घनता दर घन सेंटीमीटरला ०.६ ग्रॅम. त्याच जाडीत वजन बरेच जास्त आले, तर लगदा घट्ट दाबलेला आहे किंवा त्यात खनिज भुकटी अधिक आहे असे समजावे. अशी भुकटी पात्याची धार लवकर घालवते.

जाडीची मर्यादा यंत्रागणिक बदलते. ‘क्रिकट मेकर’ या यंत्राचे ‘नाइफ ब्लेड’ हे पाते सुमारे २.४ मिमीपर्यंत कापते, तेही एका दमात नव्हे, तर त्याच रेषेवरून अनेकदा फिरून. साधे पाते मात्र कोपऱ्यावर पुठ्ठ्यात रुतलेल्या स्थितीतच वळते, त्यामुळे जाड पुठ्ठ्याचे कोपरे फाटतात. साध्या पात्याच्या यंत्राला १ मिमीपेक्षा जाड पुठ्ठा देऊ नये, असे माझे मत आहे.

कागदाचे तंतू गिरणीत लगदा ज्या दिशेने सरकतो त्या दिशेला बहुतांशी समांतर पडतात. ओल लागली की तंतू लांबीत फारसा वाढत नाही, रुंदीत मात्र बराच फुगतो. म्हणून श्रावणात घरात उभा ठेवलेला पुठ्ठा एकाच दिशेने वाकतो, यंत्रात ज्या चिकट चटईवर तो लावतात तिच्यावरून उचलला जातो आणि पाते कुठे खोल, कुठे उथळ जाते. शिवाय ओलसर तंतू तुटण्याऐवजी दबतात व कडा लोकरीसारख्या निघतात. मे महिन्यातील चंद्रपूरकडच्या उन्हात उलट घडते: एक बाजू आधी वाळून आखडते. पुठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आडवा, वजनाखाली ठेवावा.

राहिला प्रश्न विजेचा. जाड पुठ्ठ्याला वीसेक फेऱ्या लागतात आणि मध्येच वीज गेली की यंत्र आपली जागा विसरते. त्यामुळे २ मिमीचा एक नमुना कापण्यापेक्षा १ मिमीचे दोन कापून, दोन्हींच्या तंतूंची दिशा एकच ठेवून, ते फेव्हिकॉलने चिकटवणे आणि रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवणे मला अधिक परवडते.