पोल्का नसलेली पोल्का: पॅराग्वेच्या गिटार-हार्प जोडीची पार्श्वभूमी

दक्षिण अमेरिकेतल्या पॅराग्वेची हार्प म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदातली हार्प नव्हे, हे आधी लक्षात घेतलं की पुढचं सोपं जातं. वाद्यवृंदातल्या हार्पला ४७ तारा, ७ पेडल आणि वजन चाळीस किलोच्या घरात. पॅराग्वेच्या हार्पला बहुधा ३६ तारा, पेडल एकही नाही, आणि एका हाताने उचलावी इतकी हलकी. तिच्या तारा वरच्या लाकडी मानेच्या मधोमध पडलेल्या भोकांतून जातात आणि पिळायच्या असतात त्या गिटारसारख्याच दातेरी चाकांच्या खुंट्यांनी. गिटारला अशा सहा खुंट्या, इथे छत्तीस. जोडीतली दोन वाद्यं एकमेकांशी जुळतात त्याचं निम्मं कारण या हलक्या बांधणीत आहे. भारी हार्पशेजारी साधी गिटार दबून जाते. इथे तसं होत नाही.

हार्प एकाच पट्टीच्या सात स्वरांत लावलेली असते. मधला एखादा कोमल किंवा तीव्र स्वर हवा असेल, तर वादक धातूची किल्ली मानेजवळ तारेला टेकवतो, स्वर अर्धा चढवतो आणि लगेच हात काढून घेतो. चुकून उशीर झाला, तर पुढचा स्वरही चढलेलाच निघतो. गिटारवाल्याला ही कटकट नाही. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी बदलणारा चिमटा, सरकवला की झालं. त्यामुळे पट्टी हार्प ठरवते आणि गिटार तिच्यामागे जाते.

ही जोडी दक्षिण अमेरिकेत जन्मलेली नाही. सतराव्या शतकातल्या स्पेनमध्ये चर्चमध्ये आणि नाटकात गाण्याला साथ करायला हार्प आणि गिटार दोन्ही असत. १६७७ मध्ये माद्रिदला छापलेल्या एका शिकवणीच्या पुस्तकात दोन्ही वाद्यांसाठी आकड्यांची स्वरलिपी आहे, एकाच जिल्दीत. जेझुइट या कॅथलिक पंथाच्या मिशनऱ्यांनी पॅराग्वेत ग्वारानी या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांमध्ये वाद्यं बनवायच्या कार्यशाळा उभ्या केल्या. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने त्यांना हाकललं, तोवर हार्प स्थानिकांच्या हातात रुळली होती. ती चर्चमधून अंगणात कधी आली याचा एक दिवस दाखवता येणार नाही. ती आली, एवढं खरं.

आता तो शब्द, ज्याने सगळा घोळ केला: पोल्का. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात युरोपातली फॅशनेबल नृत्यं पॅराग्वेची राजधानी असुन्सिऑनच्या दिवाणखान्यांत पोचली आणि त्यातलं एक नाव स्थानिक नृत्याला चिकटलं. नाव चिकटलं, चाल नाही. बोहेमियाची (आजच्या चेक प्रदेशातली) मूळ पोल्का सरळ दोन मात्रांची, आपल्या केरव्याच्या जवळची. पॅराग्वेची पोल्का सहा मात्रांची. आपल्या दादऱ्यात सहा मात्रा तीन-तीन अशा दोन भागांत असतात, हे आपल्याला पाठ आहे. तेच सहा दोन-दोन-दोन असेही मोजता येतात. पॅराग्वेत दोन्ही मोजण्या एकाच वेळी चालतात. हार्पचा उजवा हात धून तीन-तीन अशी वाटून वाजवतो, डावा हात खालच्या तारांवर दोन-दोनच्या हिशेबाने तीन ठोके देतो. वर धूनही समेवर सरळ बसत नाही, किंचित आधी येते. ऐकणाऱ्याचा पाय कुठे पडावा यावर तिथल्याच लोकांत एकमत होत नाही.

मग कागदावर लिहायचं तरी कसं? काही संगीतकारांनी सहा-आठ (तीन-तीनचे दोन गट) लिहिलं, काहींनी तीन-चार (दोन-दोनचे तीन). काहींना ‘पोल्का’ हे नावच नको होतं. त्यांनी आपल्या वाद्यरचनांना ‘पॅराग्वेचं नृत्य’ म्हटलं, आणि गिटारच्या मैफिलीत तेच नाव रूढ झालं. खेड्यातल्या वादकांनी पोल्काच म्हणणं सोडलं नाही. मला हा वाद निव्वळ शब्दांचा वाटत नाही. ‘पोल्का’ ऐकून परदेशी वादक दोनची मोजणी डोक्यात घेऊन बसतो आणि गिटारला नुसती साथ करणारी समजतो. प्रत्यक्षात ती सहाही मात्रा झणकारत असते, मधूनच तळवा तारांवर आपटून आवाज बंद करते, आणि तिचं वजन कुठे पडतं त्यावर धून कुठल्या बाजूला झुकेल ते ठरतं. हार्प चमकते, म्हणून कौतुक तिचं होतं. मोजणी गिटारच्या हातात असते.

हीच सहा मात्रांची चाल १९२५ मध्ये लष्करी शिस्तीच्या बँडमध्ये वाढलेल्या एका तरुण संगीतकाराने मुद्दाम संथ केली. पोल्काची घाई गेली आणि शब्दांना श्वास मिळाला. या प्रकाराला ग्वारानिया म्हणतात. त्याच संगीतकाराला राजकारणापायी देश सोडावा लागला. १९७२ मध्ये अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्समध्ये निर्वासित म्हणूनच तो वारला, आणि अस्थी मायदेशी आल्या त्या १९९१ मध्ये. २०२४ च्या डिसेंबरात ग्वारानिया युनेस्कोच्या मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, आणि त्या बैठकीचं यजमानपद असुन्सिऑनकडेच होतं. याला योगायोग म्हणायचं की सूड, ज्याने त्याने ठरवावं.

हार्पला पुढे आणलं ते मात्र ब्युनोस आयर्सने. १९३० च्या दशकात पॅराग्वेचे वादक तिथल्या रेडिओसाठी आणि ध्वनिमुद्रिकांसाठी जाऊ लागले. त्यांतल्या एका हार्पवादकाने वाद्याचा आवाका वाढवला, आणि दूध वाहून नेणाऱ्या आगगाडीची नक्कल करणारी, आजही हमखास टाळ्या घेणारी रचना वाजवली. डावा हात चाकं, उजवा हात शिट्टी. अशा रचनेत गिटारने काय करायचं? ठेका एकसारखा ठेवायचा आणि गाडी वेग घेईल तेव्हा मागे पडायचं नाही. हे वाटतं त्याहून अवघड आहे.

१९५० च्या दशकात पॅराग्वेची मंडळी एक हार्प आणि दोन-तीन गिटारी घेऊन युरोपभर फिरली. युरोपीय श्रोत्यांना ‘लॅटिन हार्प’ कळली ती यांच्यामुळे, अंगावरच्या पोंचोसकट (डोक्यातून घालायच्या शालीसकट). याच सुमारास दुसऱ्या महायुद्धानंतर आतड्याच्या तारांची जागा नायलॉनने घेतली होती, त्यामुळे दोन्ही वाद्यांचा नाद आणखी जवळ आला. पुढे चौघांचे दोघे झाले. एका गिटारवर तिघांचं काम पडलं: मंद्रातला ठोका, झणकार आणि कधीतरी धून.

हल्ली काही हार्पवर अर्धा स्वर चढवणारे खटके बसवतात, म्हणजे किल्लीची गरज नाही. जुन्या वळणाचे वादक नाक मुरडतात. खटक्याने स्वर नेमका चढतो, पण किल्लीच्या टोकाने येणारी ती बारीक खरखर जाते. तरुण जोड्यांना त्याची फिकीर नाही, कारण आता पट्टी एकट्या हार्पने ठरवायची गरज उरलेली नाही. धून गिटारकडे जाते, हार्प खाली नुसते तीन ठोके देत राहते, आणि तेव्हा कुठे नवख्या कानाला सहाची दुसरी मोजणी ऐकू येते.