शय्याव्रण (बेडसोअर)

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या हाड आणि गादी यांच्यामध्ये सापडलेलं मांस सतत दाबलं गेलं की रक्त पोचत नाही आणि ते मरतं. ती जखम म्हणजे शय्याव्रण. माकडहाड, खुबा, टाच, घोटा, खवाटा (खांद्यामागचं पसरट हाड) आणि डोक्याची मागची बाजू या तिच्या ठरलेल्या जागा. दाब सर्वांत जास्त हाडालगत असल्याने बिघाड पुष्कळदा आतून सुरू होतो. वर रुपयाएवढं भोक आणि आत मोठी पोकळी, असं दिसतं ते त्यामुळेच.

पहिली खूण म्हणजे बोटाने दाबून सोडल्यावरही पांढरी न पडणारी लाली. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे जागा जांभळट, गरम किंवा टणक लागते. अशा जागेवर तेलाने रगडू नये. खालचं नाजूक झालेलं मांस त्याने आणखी फाटतं. तेल लावायचंच तर आसपासच्या धड कातडीला, हलक्या हाताने.

खरा उपाय कूस बदलणं. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. पूर्ण कुशीवर वळवलं तर खुब्यावर भार येतो, म्हणून पाठीमागे उशी देऊन साधारण 30 अंश कलतं ठेवावं. गुडघ्यांमध्ये एक उशी, आणि पोटरीखाली एक, टाच अधांतरी राहील अशी. वर सरकवताना दोघांनी चादरीसकट उचलावं. ओढलं की कातडी जागीच राहते आणि हाड पुढे जातं. भरवण्याची वेळ सोडली तर डोक्याकडची बाजू 30 अंशांहून उंच नको, रुग्ण खाली घसरतो. एअर बेड असला तरी कूस बदलणं चुकत नाही. मधे भोक असलेली रिंग टाळावी. तिच्या कडेने रक्त अडतं.

कोल्हापुरी घरात अंगाखाली बहुधा वाकळ असते. ती ऊबदार खरी, पण तिचे जाड टाके आणि जोड नेमके माकडहाडाखाली येतात. वर सुती चादर ताणून घालावी. आषाढ-श्रावणात कपडे वाळत नाहीत, आणि दमट चादरीने कातडी भिजून सोलते. केळीचं पान गार, गुळगुळीत, जखमेला न चिकटणारं. मधला दांडा काढून, धुऊन पुसून रोज नवं अंगाखाली घालावं. दाब मात्र त्याने कमी होत नाही.

जखम धुवायला एक लिटर पाणी उकळून त्यात 9 ग्रॅम मीठ. कोमट करून त्याच दिवशी वापरावं. हळद, राख, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड नको. मध उपयोगी आहे, पण निर्जंतुक केलेला, ड्रेसिंगसाठीचा, बरणीतला नव्हे.

जखम भरायला दर किलो वजनामागे रोज 1.25 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 50 किलोच्या माणसाला 62 ते 75 ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम येतात. आजाऱ्याला हमखास दिला जाणारा अळणी रस्सा चवीला छान, पण प्रथिनं मटणात राहतात. शिजलेलं मटण बारीक करून त्यात कालवावं. मूत्रपिंडाचा आजार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

पू, दुर्गंधी, ताप, बरळणं किंवा हाड दिसणं यांपैकी काहीही आढळलं तर घरी थांबू नये; कोल्हापुरातल्या सी.पी.आर.सारखा (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) मोठा दवाखाना गाठावा. टाचेवरची कोरडी काळी खपली स्वतः सोलू नये. दर आठवड्याला जखमेची लांबी-रुंदी मोजून लिहावी. दोन आठवड्यांत ती घटली नाही तर उपचार पुन्हा तपासून घ्यावेत.