लॉनमधलं तण आणि खत : इंदूरच्या हवेत कधी काय करायचं

जुलै लागला, पाऊस नीट सुरू झाला की आमचे फोन वाजायला लागतात. लॉनमध्ये गवत कमी आणि तणच जास्त दिसतंय, उद्याच माणूस पाठवा. माणूस आम्ही पाठवतोच, पण तोपर्यंत मोथा वीतभर वाढलेला असतो, केना पसरलेला असतो आणि दुधी नावाच्या तणाला तर बी धरायला लागलेलं असतं. हेच काम मेच्या शेवटी काढलं असतं तर खर्चही कमी आणि लॉनही चांगलं राहिलं असतं. म्हणून आमच्या सगळ्या ग्राहकांसाठी हे लिहून ठेवतोय, काका-काकूंनी वाचावं आणि घरच्या माळीदादांनाही वाचून दाखवावं, कारण रोज लॉनवर हात त्यांचाच असतो.

तणाचं बी जमिनीत असतंच, काही बिया तर वर्षानुवर्षं पडून राहतात. त्यांना ओल आणि योग्य गरमी मिळाली की उगवतात. इंदुरात असं वर्षातून मुख्य दोनदा होतं. एक म्हणजे जूनचा पहिला पाऊस पडल्यावर आणि दुसरं म्हणजे पावसाळा संपून रात्री गार व्हायला लागल्या की, साधारण नवरात्र ते दिवाळीच्या मधे. या दोन्हींच्या थोडं आधी जे कराल ते खरं तण-नियंत्रण, बाकी वर्षभर जे चालतं ती निंदाई, म्हणजे उगवलेलं तण काढत बसणं. बरेच जण यूट्यूबवर बाहेरच्या देशांचे व्हिडिओ बघून मार्चमध्येच तणाचं औषध मारायला सांगतात. तिकडे बर्फ वितळून जमीन तापली की बी उगवतं म्हणून त्यांचा मार्च-एप्रिल बरोबर आहे, आपल्याकडे मुख्य ट्रिगर पाऊस आहे, मार्चमध्ये मारलेलं औषध जूनपर्यंत टिकतच नाही.

आपल्या घरांमध्ये जे गवत असतं, हरळी म्हणजे दूब, सिलेक्शन वन, किंवा नर्सरीवाले कोरियन कार्पेट नाहीतर मेक्सिकन म्हणून देतात ते, ही सगळी उष्ण हवेतली गवतं आहेत. २५ ते ३५ डिग्रीत छान वाढतात, डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान १० च्या आसपास गेलं की वाढ थांबते आणि पिवळी-तपकिरी दिसतात. ते मेलेलं नसतं. तेव्हा घाबरून युरिया टाकू नका, गवत तो घेऊच शकत नाही, मग तो थंडीतल्या तणांना मिळतो, चाकवत (बथुआ) आणि कृष्णनील अशाने जोमात येतात.

मेचा शेवट, जूनचा पहिला आठवडा

उगवणीआधीचं औषध म्हणजे पेंडीमेथॅलिन, हे आम्ही याच दिवसात मारतो. त्याचं काम समजून घ्या म्हणजे नंतर तक्रार राहणार नाही. हे औषध जमिनीच्या वरच्या थरात एक पातळ पट्टा तयार करतं, त्यातून जे बी फुटायला लागतं त्याच्या कोवळ्या मुळाची वाढच थांबते. उगवून आलेल्या तणाला ते मारत नाही. म्हणून फवारणीआधी जे उभं तण आहे ते काढून टाकावं लागतं, आणि फवारणीनंतर हलकं पाणी द्यावं लागतं म्हणजे औषध पानावर न राहता मातीत बसेल. त्यानंतर लॉन उकरायचं नाही, खुरपी चालवली की तो पट्टा तुटतो आणि तिथून तण वर येतं. असर साधारण दीड-दोन महिने राहतो, आपल्या पावसात कधी कमीही, म्हणून पूर्ण सीझनची गॅरंटी आम्ही देत नाही आणि कोणी देत असेल तर विचारा की कशाच्या जोरावर. जोरदार पाऊस येणार असेल त्या दिवशी मारत नाही, वाहून जातं. नवीन लावलेल्या लॉनवर पण मारत नाही, गवताच्या नव्या मुळांनाही ते तेवढंच नडतं, आधी गवत पूर्ण पसरून जमीन झाकू दे. आणि हो, औषध पिवळं आहे, फरशीवर सांडलं तर डाग राहतो, म्हणून फवारणीच्या दिवशी गाडी आणि झुला बाजूला करून ठेवा.

औषध अजिबात नको असं म्हणणारेही आमचे ग्राहक आहेत आणि त्यांचंही लॉन चांगलं राहतं, फक्त मेहनत जास्त. गवत दाट असेल, जमीन उघडी दिसत नसेल, तर बहुतेक बियांना ऊनच मिळत नाही. त्यासाठी कटिंग फार खाली नको. हरळी एक ते दीड इंच ठेवा, पावसाळ्यात आठवड्याला कापा, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त कापू नका. पांढरं दिसेपर्यंत खरवडलेलं लॉन तणाला आमंत्रणच आहे. पाणी पण रोज थोडं थोडं शिंपडू नका, वरचा अर्धा इंच ओला ठेवला की उगवतं तणाचं बी. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं ना, त्याच हिशोबाने दोन-तीन दिवसांनी एकदाच खोल पाणी द्या, काळ्या मातीत ते पुरतं.

मोथा वेगळा प्रकार आहे

मोथा म्हणजे लव्हाळा दिसायला गवतासारखा, पण दांडा बोटात फिरवून बघा, तीन कोनांचा लागतो. हा बियांपेक्षा जमिनीतल्या गाठींनी वाढतो आणि त्या गाठी एकमेकींना जोडलेल्या असतात. वरून ओढला की दांडा हातात येतो, गाठ खाली राहते, आणि साखळी तुटली की ज्या गाठी गप्प पडल्या होत्या त्याही फुटतात. म्हणून 'भैया, उपटून टाक' हे सांगणं मोथ्याला लागू नाही. पेंडीमेथॅलिनही गाठींवर चालत नाही. पाच-दहा रोपं असतील तर खुरपीने खोल खणून गाठीसकट काढा, पुन्हा आला तर पुन्हा, पानं चार-पाच झाली की लगेच, म्हणजे खाली नवीन गाठी धरायच्या आत. सगळीकडे पसरला असेल तर हॅलोसल्फ्युरॉन नावाचं औषध आहे, ते मोथ्याला मारतं आणि हरळीला सोडतं. त्याचा डोस ग्रामच्या हिशोबात लागतो, वजनकाट्यावर मोजावा लागतो, चमच्याने अंदाजे टाकायची वस्तू नाही ती. असर दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, चौथ्या दिवशी फोन करून 'काही झालंच नाही' म्हणू नका, आणि एक फवारणी बहुतेक वेळा पुरत नाही.

मोथा येतो कुठून हेही बघा. खूपदा तो आपणच ट्रॉलीने विकत आणतो, शेतातली काळी माती मागवली की गाठी त्यातच असतात. नवीन लॉन करणार असाल तर माती पसरून दोन-तीनदा पाणी द्या, दोन-तीन आठवडे थांबा, जे उगवेल ते काढा आणि मगच गवत लावा. घाई असते हे आम्हाला कळतं, वास्तुशांतीची तारीख ठरलेली असते, तरी हे थांबणं पुढची कितीतरी वर्षं कामाला येतं.

केना आणि घोळ पाऊस पडून गेल्यावर सहज निघतात, फक्त उपटून तिथेच लॉनवर टाकू नका, केन्याच्या दांड्याच्या पेरांना मुळं फुटतात आणि घोळही ओल्यात पुन्हा धरते. गाजरगवत कंपाउंडच्या बाहेर प्लॉटवर असलं तरी आपलंच समजा, एका झाडाला हजारो बिया धरतात आणि वाऱ्या-पाण्याबरोबर आत येतात. फूल यायच्या आधी उपटायचं, हातमोजे घालून, त्याने अंगाला खाज आणि काहींना दमा पण होतो. जबलपूरला केंद्र सरकारचं तण संशोधनाचं संस्थान आहे, ते दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजरगवत जागरूकता सप्ताह करतात, त्या आठवड्यात कॉलनीने मिळून रिकामे प्लॉट साफ केले तर आमची मशीन आणि माणसं जरूर मागा.

मीठ-व्हिनेगरचे घरगुती उपाय प्लीज करू नका, मीठ मातीत राहतं आणि नंतर तिथे गवतही येत नाही. ग्लायफोसेट सगळंच मारतं, लॉनसकट, आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारने ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनीच वापरायचं असा नियम केलाय, तर दुकानातून आणून माळ्याच्या हातात देऊ नका.

खत किती आणि कधी

गवत वाढतंय तेव्हाच खत, हा एकच नियम. पहिलं फेब्रुवारी संपता संपता, रात्रीची थंडी गेली आणि हिरवे कोंब दिसले की. दुसरं पाऊस लागून गवत जोरात आलं की, पण तण काढून मग, नाहीतर तणालाच खत जातं. तिसरं ऑगस्टमध्ये हलकं. आणि शेवटचं सप्टेंबरअखेर, त्यात पोटॅश हवं. एप्रिल-मेच्या उन्हात पाण्याची तंगी असेल तर काहीच टाकू नका.

युरियात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन) असतं, म्हणून तो थोडाच लागतो. हजार चौरस फुटाला एका वेळी अर्धा किलो आम्ही टाकतो, एक किलोच्या वर तर कधीच नाही. तुमचं अंगण २० बाय २५ असेल तर ते झाले ५०० फूट, त्याला पाव किलो पुरे. हे ऐकून बऱ्याच जणांना कमी वाटतं. कमी नाही. जास्त टाकला की पानं जळतात, पावसात गवत लुसलुशीत होऊन बुरशी लागते आणि कटिंग आठवड्यात दोनदा करावी लागते. पानं कोरडी असताना टाकायचा, दुप्पट-तिप्पट कोरड्या रेतीत मिसळून, अर्धा लांबीत चालत आणि अर्धा रुंदीत चालत, म्हणजे हिरवे-पिवळे पट्टे पडत नाहीत. आणि लगेच पाणी. आपली काळी माती अल्कलाइन, उन्हात युरिया वर पडून राहिला तर त्यातलं नत्र अमोनिया होऊन हवेत उडून जातं, पैसे तुमचे गेले आणि गवताला मिळालं नाही.

डीएपी दर वेळी टाकायची सवय आपल्याकडे फार आहे. त्यात १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद (फॉस्फेट), ते स्फुरद नवीन लॉनच्या मुळांना उपयोगी, जुन्या लॉनला एवढं लागत नाही आणि काळ्या मातीत बरंचसं अडकून पडतं. सप्टेंबरअखेर म्युरेट ऑफ पोटॅश हजार फुटाला पाव किलोपर्यंत टाकतो, थंडीत आणि नंतर उन्हात गवत टिकायला मदत होते. दिवाळीत लॉन हिरवंगार हवं असेल तर नवरात्रातच सांगा, धनतेरसच्या दोन दिवस आधी टाकलेला युरिया लक्ष्मीपूजनाला काही दिसणार नाही.

कधी कधी युरिया देऊनही गवत पिवळंच राहतं. नीट बघा, नवीन पानावर लांबीत पिवळे-हिरवे पट्टे असतील तर ती लोहाची कमी, आपल्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यात हे होतं. फेरस सल्फेट लिटरला ५ ग्राम, ऊन उतरल्यावर फवारायचं. कोटा स्टोन आणि टाइल्सवर गेलं तर गंजाचे डाग कायमचे बसतात, तिथे लगेच पाणी मारा.

शेणखत द्या, पण पूर्ण कुजलेलं. अर्धकच्चं शेणखत म्हणजे तणाच्या बियांची पोतीच, गाईने खाल्लेल्या चाऱ्यातल्या बिया त्यात जिवंत असतात. ढीग नीट तापला, ५५-६० डिग्रीच्या वर काही दिवस राहिला आणि पलटून बाहेरचा भागही आत गेला, तर बहुतेक बिया मरतात. ही गोष्ट जगाला शिकवली ती आपल्याच गावाने. १९२४ मध्ये इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली, तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या शास्त्रज्ञांनी कंपोस्टची जी पद्धत बसवली ती आजही जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते, आणि १९३५ मध्ये गांधीजी ती बघायला आले होते. त्याच गावात आपण कच्चं शेण लॉनवर पसरतो याचं आम्हाला खरंच वाईट वाटतं. खत हातात घेऊन बघा, काळं-भुरभुरं, शेणाचा वास नाही, आत हात घातला तर गरम नाही, मग ते तयार. पातळ थर द्या, जास्तीत जास्त अर्धा इंच.

फवारणीआधी आम्हाला हे सांगा

घरात कुत्रा-मांजर आहे का, लहान मुलं लॉनवर खेळतात का. फवारा सुकेपर्यंत आणि शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत कोणीच जाऊ नये. कापलेलं गवत गाईला घालत असाल तर औषध मारल्यावर घालू नका. रुंद पानाच्या तणासाठी टू-फोर-डी मारायची असेल तर तुळस, गुलाब, जास्वंद, टोमॅटो जवळ आहेत का तेही सांगा, वाऱ्याने उडालेल्या थोड्याशा फवाऱ्यानेही त्यांची पानं वाकडी होतात. म्हणून वारा असला तर आमचा माणूस परत जाईल आणि दुसऱ्या दिवशी येईल, त्याला रागवू नका.

गणपतीसाठी दूर्वा लॉनमधून काढत असाल तर ते नक्की सांगा, तो कोपरा आम्ही सोडून देतो. नाहीतर एका मोठ्या कुंडीत दूर्वा वेगळ्या लावून ठेवा, रोप आमच्याकडून न्या, त्याचे पैसे घेत नाही.

मशीन एका घरातून दुसऱ्या घरात जाते आणि पात्यांवर, चाकांवर तणाचं बी घेऊन जाते. आमची मशीन गेटच्या आत येण्याआधी ब्रशने साफ केलेली असली पाहिजे, नसेल तर तुम्ही थांबवा आणि साफ करून घ्या, आमच्या माणसांना तसं सांगितलेलं आहे. जूनच्या फवारणीसाठी नाव १५ मेपर्यंत द्या, सोबत लॉनची लांबी-रुंदी आणि वरून एक, जवळून एक असे दोन फोटो पाठवा, तणाचा फोटो पान आणि दांडा दोन्ही दिसेल असा काढा.