मुक्तस्रोत समुदायांतील आवृत्तिनामे आणि रिलीजचे वेळापत्रक

मुक्तस्रोत (ज्याचा मूळ कोड सर्वांना खुला असतो असे) सॉफ्टवेअर घडवणारे समुदाय आपल्या आगामी आवृत्तीला जे नाव देतात आणि ती केव्हा बाहेर पडावी याचा जो कार्यक्रम आखतात, त्या दोन वेगळ्या प्रथा म्हणून ओळखल्या जात असल्या, तरी त्यांचे मूळ एकच आहे. आवृत्तीवर काम सुरू होते तेव्हा तिचा अंतिम क्रमांक आणि पुष्कळदा तिची तारीखही कोणाला ठाऊक नसते. मात्र वेगवेगळ्या देशांत विखुरलेल्या शेकडो लोकांना तिच्याविषयी रोज बोलावे लागते, तिच्यातील दोष नोंदवावे लागतात आणि तिच्या फाइली सर्व्हरवर कोठेतरी ठेवाव्या लागतात. ही गरज कोडनेम, म्हणजे सांकेतिक नाव, भागवते. आपल्याकडे बारसे जन्मानंतर बाराव्या दिवशी होते; येथे ते जन्माच्या कितीतरी आधी उरकलेले असते. वेळापत्रक जितके पक्के होत जाते तितकी नावाची गरज ओसरते, असे या प्रथेच्या गेल्या तीस वर्षांच्या वाटचालीवरून दिसते.

या प्रथेचा सर्वांत बोलका इतिहास डेबियन या लिनक्स वितरणाचा, म्हणजे लिनक्सवर उभारलेल्या संपूर्ण संगणकप्रणालीचा, आहे. इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट 1993 मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात 1.0 क्रमांकाची आवृत्ती कधीच प्रसिद्ध झाली नाही. तिची तयारी चालू असताना सीडी विकणाऱ्या एका कंपनीने सर्व्हरवरील अर्धवट अवस्थेतील फाइली उचलून त्यावर 1.0 असा शिक्का मारला आणि त्या बाजारात आणल्या. झाला प्रकार लक्षात आल्यावर प्रकल्पाने तो क्रमांकच सोडून दिला आणि जून 1996 मध्ये 1.1 ही आवृत्ती ‘बझ’ या नावाने प्रसिद्ध केली. अपुऱ्या कामाच्या फोल्डरवर भावी आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवणे धोक्याचे असते, हा धडा त्यातून मिळाला. नुसते नाव लिहिले, तर ते तयार मालाचे लेबल आहे असा समज होत नाही. दुसरे कारण निव्वळ व्यवहाराचे होते. डेबियनच्या फाइलींच्या प्रती जगभरातील मिरर सर्व्हरांवर ठेवल्या जात, आणि रिलीजच्या दिवशी मुख्य सर्व्हरवरील फोल्डरचे नाव ‘अस्थिर’वरून ‘स्थिर’ असे बदलले असते, तर प्रत्येक मिररला तोच सारा साठा नव्याने उतरवून घ्यावा लागला असता. त्याऐवजी फोल्डरला कायमचे कोडनेम द्यायचे आणि ‘स्टेबल’ हा त्याकडे बोट दाखवणारा दुवा तेवढा रिलीजच्या दिवशी हलवायचा, अशी सोय करण्यात आली.

त्या काळी प्रकल्पाचे नेतृत्व करणारे ब्रूस पेरेन्स पिक्सार या अ‍ॅनिमेशन कंपनीत नोकरीला होते. त्यामुळे नावे ‘टॉय स्टोरी’ या 1995 च्या चित्रपटातील पात्रांवरून घेतली गेली आणि पुढे तोच शिरस्ता झाला : रेक्स, बो, हॅम, स्लिंक, पोटॅटो, वुडी, सार्ज, एच, लेनी अशी ही माळ अजून संपलेली नाही. खेळणी मोडणाऱ्या शेजारच्या सिड या मुलाचे नाव मात्र कोणत्याही आवृत्तीला मिळाले नाही. जेथे नव्या पॅकेजांची, म्हणजे स्थापनेसाठी बांधून ठेवलेल्या प्रोग्रॅमांची, पहिली आवक होते आणि जे कधीच ‘स्थिर’ म्हणून जाहीर होत नाही, त्या कायम अस्थिर शाखेला ते देण्यात आले. या साऱ्या नामावळीत इतके नेमके बसलेले नाव दुसरे नाही. नाव निवडण्याचे काम रिलीज टीमकडे असते आणि त्यासाठी मतदान घेतले जात नाही.

नावाचा वापरकर्त्याशी येणारा संबंध केवळ हौसेचा नसतो. डेबियन वापरणाऱ्या संगणकावर पॅकेजे कोठून आणायची हे सांगणारी एक छोटी फाइल असते. तिच्यात ‘बुकवर्म’ असे एखाद्या आवृत्तीचे कोडनेम लिहिले असेल, तर तो संगणक त्याच आवृत्तीवर राहतो. ‘स्टेबल’ असे लिहिले असेल, तर नवी आवृत्ती जाहीर झाल्यानंतर पुढच्या अद्यतनाच्या वेळी तो नव्या आवृत्तीकडे निघतो. सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी फाइलीत नेहमी कोडनेमच लिहावे, असा सल्ला जाणकार देतात तो यामुळे. असे नाव हाताने टंकावे लागत असल्याने ते आखूड, एकशब्दी आणि साध्या अक्षरांचे असणे सोयीचे ठरते.

वेळापत्रकाच्या बाबतीत डेबियनची जुनी भूमिका ‘तयार होईल तेव्हा’ एवढीच होती. रिलीज अडवण्याइतके गंभीर ठरवलेले बग, म्हणजे दोष, निकालात निघाले की आवृत्ती बाहेर पडायची, आणि ते केव्हा निघतील हे स्वयंसेवकांच्या सवडीवर अवलंबून असायचे. या धोरणामुळे गुणवत्ता राखली गेली, परंतु जुलै 2002 मधील वुडीनंतर सार्ज येण्यास जून 2005 उजाडले, आणि मधल्या काळात स्थिर आवृत्तीतील सॉफ्टवेअर पार जुनाट झाले. पुढची आवृत्ती, एच, डिसेंबर 2006 मध्ये काढायचे ठरले होते. ती वेळेवर निघावी म्हणून काही सदस्यांनी निधी उभारून रिलीज व्यवस्थापकांना काही काळ पूर्णवेळ कामाचे मानधन देण्याचा प्रयोग केला. फुकट राबणाऱ्या शेकडो लोकांमध्ये मोजक्यांनाच पैसे का, या प्रश्नावरून समुदायात मोठा वाद पेटला आणि एच अखेर एप्रिल 2007 मध्ये आली. स्वयंसेवी कामाला तारीख लावणे हे केवळ नियोजनाचे कोडे नसून मानापमानाचाही मामला आहे, हे या प्रकरणातून जितके स्पष्ट दिसले तितके क्वचितच दिसले असेल.

जुलै 2009 मध्ये डेबियनने दर दोन वर्षांनी ठरावीक वेळी ‘फ्रीझ’ करण्याचे जाहीर केले. फ्रीझ म्हणजे गोठवण. त्यानंतर नवी सुधारणा आत घेतली जात नाही, फक्त दोषदुरुस्ती होते. पहिल्या गोठवणीसाठी घोषित केलेला त्याच वर्षीचा डिसेंबर लगेच मागे घ्यावा लागला आणि स्क्वीझ ही आवृत्ती प्रत्यक्षात ऑगस्ट 2010 मध्ये गोठवून फेब्रुवारी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. पण तत्त्व टिकले. हल्ली ही गोठवण टप्प्याटप्प्याने कडक होते. आधी अनेक पॅकेजांना एकदम हलवणारे मोठे बदल थांबतात, नंतर नवी पॅकेजे येणे थांबते, आणि शेवटी प्रत्येक बदलासाठी रिलीज टीमची परवानगी मागावी लागते. यात एक बारकावा आहे : तारीख ठरते ती गोठवणीची, रिलीजची नव्हे. ‘तयार होईल तेव्हा’ हे ब्रीद डेबियनने सोडले नाही, केवळ त्याचा आरंभबिंदू कॅलेंडरवर आणून ठेवला. स्क्वीझनंतर प्रत्येक स्थिर आवृत्ती विषम वर्षी आली आहे; ऑगस्ट 2025 मधील 13 क्रमांकाची ट्रिक्सी ही त्यांतील अलीकडची, आणि तिच्या पुढच्या आवृत्तीसाठी फोर्की हे नाव ट्रिक्सी तयार होण्याच्या बरेच आधी ठरलेले होते.

याच्या उलट टोकाला तारीख अढळ मानून मजकुराला तडजोड करायला लावणारी पद्धत आहे. ग्नोम या डेस्कटॉप प्रकल्पाने 2002 मधील 2.0 या आवृत्तीनंतर ती अंगीकारली : दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास, जे तयार असेल ते बाहेर पडते आणि जे तयार नसेल ते पुढच्या खेपेस थांबते. अशा व्यवस्थेला जाणकार ‘रिलीज ट्रेन’ म्हणतात. मुंबईच्या लोकलने प्रवास करणाऱ्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. पुढची गाडी ठरल्या वेळी येणार याची खात्री असेल, तर चालत्या गाडीत उडी मारण्याचा मोह होत नाही. सहभागी प्रोग्रॅमर अर्धकच्चे काम शेवटच्या घटकेला घुसवत नाहीत, हाच या पद्धतीचा खरा लाभ आहे. ग्नोमच्या आवृत्त्यांना त्याच्या परिषदा भरलेल्या शहरांची नावे मिळतात. डिसेंबर 2024 मध्ये आशियाई परिषद बंगळूरला भरल्यामुळे मार्च 2025 मधील 48 व्या आवृत्तीचे नाव ‘बेंगळुरू’ असे आहे.

मार्क शटलवर्थ यांच्या कॅनॉनिकल या कंपनीच्या पाठबळाने निघालेल्या उबुंटू या लिनक्स वितरणाने हाच सहामाही ताल उचलला आणि क्रमांकातच तारीख गुंफली. ऑक्टोबर 2004 मधील पहिली आवृत्ती म्हणून 4.10. सहा महिन्यांत काढलेल्या वस्तूला सफाई कोठून येणार, अशा थट्टेतून तिला ‘वॉर्टी वॉर्टहॉग’, म्हणजे चामखिळी असलेले रानडुक्कर, हे नाव मिळाले आणि विशेषण व प्राणी एकाच अक्षराने सुरू करण्याची रीत पडून गेली. क्रमांक म्हणजेच तारीख असताना नाव कशाला, अशी शंका येथे रास्त ठरते. तिचे उत्तर 2006 मध्ये मिळाले. एप्रिलमध्ये यायची आवृत्ती अधिक घोटून काढण्यासाठी दोन महिने पुढे ढकलली गेली आणि 6.04 ची 6.06 झाली, मात्र सर्वांच्या बोलण्यातील ‘डॅपर ड्रेक’ तेच राहिले. दीर्घकालीन आधाराचे वचन मिळालेली ही उबुंटूची पहिली आवृत्ती होती, आणि तेव्हापासून नावे इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने दिली जाऊ लागली. एप्रिल 2017 मध्ये झेड अक्षराशी पोहोचून ती ऑक्टोबरमध्ये पुन्हा ए पासून सुरू झाली. वेळापत्रकाची कसोटी 2024 मध्ये लागली. एक्सझेड या बारीकशा पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात कोणीतरी मुद्दाम चोरवाट पेरल्याचे मार्चअखेर उघड झाले, 24.04 ची बीटा, म्हणजे चाचणीची, आवृत्ती एक आठवडा मागे सरकवून सारी पॅकेजे नव्याने बांधण्यात आली, तरीही अंतिम आवृत्ती ठरल्याप्रमाणे 25 एप्रिलला आली.

लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, अनुभवही अशाच वळणाने गेला. 2.4 (जानेवारी 2001) आणि 2.6 (डिसेंबर 2003) यांच्यात जवळजवळ तीन वर्षे गेली आणि त्यानंतर दीर्घ विकासकाळाची ती पद्धतच मोडीत निघाली. आता दोन आठवडे नवे बदल स्वीकारले जातात, नंतर सुमारे सात-आठ आठवडे दर रविवारी चाचणीची प्रत निघते, आणि मग आवृत्ती. क्रमांकाला त्यामुळे काही अर्थच उरलेला नाही. दशांशापुढचा आकडा विशीच्या आसपास गेला की लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स पहिला आकडा एकाने वाढवतात, आणि त्याचे कारण हातापायांची बोटे संपली असे देतात. कर्नलच्या फाइलीत नावही असते, पण ते निव्वळ गमतीचे : 3.11 ला जुन्या ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स 3.11’ची टर उडवत ‘लिनक्स फॉर वर्कग्रुप्स’ म्हटले गेले.

नाव समुदायाच्या मतावर सोडले की काय होते, ते फेडोरा या लिनक्स वितरणात पाहावयास मिळते. तेथील नियम मोठा चतुर होता : प्रत्येक नव्या नावाचे मागील नावाशी ‘दोन्हीही अमुक आहेत’ असे एखादे नाते असले पाहिजे, आणि ते नाते त्याआधीच्या जोडीतील नात्याहून निराळे हवे. गॉडार्ड आणि लॉफ्लिन ही शास्त्रज्ञांची नावे या साखळीतूनच आली. 17 व्या आवृत्तीच्या वेळी मतदारांनी एका हॉट डॉगच्या शुभंकराला निवडून ‘बीफी मिरॅकल’ हे नाव दिले, आणि एवढ्या गंभीर कामाला हे शोभते का यावरून बरीच कुरकुर झाली. 19 व्या आवृत्तीच्या ‘श्रोडिंगर्स कॅट’ने तर तांत्रिक घोळ घातला, नावातील दोन टिंबे डोक्यावर असलेले ओ हे अक्षर आणि अपॉस्ट्रॉफी यांमुळे ते नाव वाचणारे काही प्रोग्रॅम अडखळले. डिसेंबर 2013 मधील 20 व्या ‘हायझेनबग’नंतर फेडोराने नावे बंदच केली. तेव्हा कोणाचे फारसे अडले नाही, कारण फेडोराचे क्रमांक आधीपासून ठरलेले असतात. तारखा मात्र घसरतात. इन्स्टॉलर, म्हणजे प्रणाली संगणकावर बसवणारा प्रोग्रॅम, मुळातून नव्याने लिहिल्यामुळे नोव्हेंबर 2012 मध्ये अपेक्षित असलेली 18 वी आवृत्ती जानेवारी 2013 मध्ये निघाली. तेथे रिलीजआधी ‘गो की नो-गो’ अशी बैठक भरते आणि अडवणारा एक जरी बग शिल्लक असला तरी रिलीज पुढे ढकलले जाते.

2010 साली रॅकस्पेस आणि नासा यांनी मिळून सुरू केलेल्या ओपनस्टॅक या क्लाउड सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात बैठक भरणाऱ्या शहराच्या परिसरातील स्थळनामे वर्णक्रमाने घेत. पॅरिसच्या खेपेला जवळच्या सेव्र येथे जपलेल्या प्रमाण वजनावरून ‘किलो’ आले. डेन्व्हरच्या हॉटेलाशेजारून रात्रंदिवस शिट्ट्या मारत जाणाऱ्या आगगाड्यांनी तर ‘ट्रेन’ हे नाव अक्षरशः कानी घातले. मतदानात पुढे आलेले नाव कोणाच्या व्यापारचिन्हाशी भिडत नाही ना, हे वकिलांकडून तपासून घ्यावे लागे. 2022 मध्ये ‘झेड’वर वर्णमाला संपली आणि पुन्हा ए आल्यास नवी आवृत्ती जुनी भासेल हे ध्यानात आले, तेव्हा 2023.1 असा वर्षनिष्ठ क्रमांक मुख्य करून ‘अँटिलोप’ हे नाव मागे ठेवण्यात आले.

वेळापत्रकातील ज्या टप्प्याशी मराठीचा थेट संबंध येतो, तो ‘स्ट्रिंग फ्रीझ’चा आहे. पडद्यावर दिसणारी इंग्रजी वाक्ये त्या दिवसापासून बदलत नाहीत, आणि तेथून रिलीजपर्यंतचे मोजके आठवडे भाषांतरकारांच्या हक्काचे मानले जातात. त्यानंतर एखाद्या प्रोग्रॅमरला एक शब्द जरी बदलायचा असला तरी परवानगी मागावी लागते, कारण त्या एका शब्दासाठी सगळ्या भाषांतील गटांना पुन्हा कामाला लागावे लागते. मोठ्या भाषांचे गट हा धक्का पचवतात. दोन-चार स्वयंसेवकांवर चालणाऱ्या मराठीसारख्या गटाचे वाक्य मात्र त्या आवृत्तीपुरते इंग्रजीतच राहून जाते. फेब्रुवारी 2009 मधील लेनीपासून डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत उपलब्ध झाला, आणि त्या वेळी त्यातील भाषांची संख्या 63 झाली. तारीख न ठरवणाऱ्या डेबियनच्या रिलीजला लागलेला उशीर अशा छोट्या गटांच्या पथ्यावर पडतो. सहा महिन्यांच्या गाडीत ती सवड नसते.