दाहशामक प्रथिने आणि झटक्यानंतरचे हृदय

हृदयाच्या रोहिणीत गुठळी अडकून स्नायूचा एखादा भाग मेला की तिथे दाह पेटतो. तो वेळेवर शमवणारी प्रथिने शरीर स्वतःच तयार करते. इंटरल्यूकिन-१०, टीजीएफ-बीटा, अ‍ॅनेक्झिन ए१ आणि दाह पेटवणाऱ्या इंटरल्यूकिन-१ या प्रथिनाला अडवणारे आयएल-१आरए ही त्यांतली महत्त्वाची.

हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात १०० कोटींपर्यंत स्नायुपेशी मरू शकतात. प्रौढ हृदयात वर्षाला जेमतेम १ टक्का किंवा त्याहूनही कमी पेशी नव्याने तयार होतात. त्यामुळे खिंडार भरते ते कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाच्या वणाने.

पहिल्या काही तासांतच न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी तिथे पोहोचतात, पाठोपाठ मृत पेशी गिळणाऱ्या मॅक्रोफेज. मेलेल्या पेशींचा गाळ उपसल्याशिवाय वण धरत नाही, म्हणून हा दाह हवाच. साधारण चौथ्या दिवसापासून पारडे फिरते. मरणारे न्यूट्रोफिल गिळता गिळता मॅक्रोफेजचा स्वभावच बदलतो आणि ते इंटरल्यूकिन-१० व टीजीएफ-बीटा स्रवू लागतात; मग तंतुपेशी कोलॅजेन विणायला घेतात. नेमकी याच सुमारास भिंत सर्वांत कमकुवत असते: जुना स्नायू गेलेला, नवा वण अजून कच्चा. क्वचित ती फाटतेही. जीडीएफ-१५ हे आणखी एक दाहशामक प्रथिन नसलेल्या उंदरांत झटक्यानंतर पांढऱ्या पेशींची गर्दी वाढली आणि हृदय फाटून मृत्यू झाले. दाह रेंगाळला तर वण पातळ राहतो, जवनिका, म्हणजे हृदयाचा खालचा कप्पा, फुगत जाते आणि हृदय निकामी होऊ लागते.

म्हणून दाह सरसकट दाबणे हा उपाय नव्हे. १९७०च्या दशकात झटक्यानंतर स्टेरॉइड देऊन पाहिले, तेव्हा काही रुग्णांत उलट इजाच वाढली.

पुढचे प्रयत्न अधिक नेमके आहेत. २०१७च्या कँटोस चाचणीत, पूर्वी झटका येऊन गेलेल्या सुमारे १०,००० रुग्णांत, इंटरल्यूकिन-१ बीटाला रोखणाऱ्या कॅनाकिनुमॅब या औषधाच्या १५० मिलिग्रॅम मात्रेने पुन्हा झटका, पक्षाघात वा हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. मात्र प्राणघातक संसर्ग थोडे वाढले. आयएल-१आरएचे कृत्रिम रूप असलेल्या अनाकिन्रा या औषधामुळे छोट्या चाचण्यांत सीआरपी, म्हणजे रक्तातली दाहाची खूण, उतरली.

खरी अडचण वेळेची आहे. टीजीएफ-बीटा लवकर वाढले तर साफसफाई अर्धवट राहते. फार काळ टिकले तर धडधाकट स्नायूतही तंतू माजतात आणि हृदय ताठरते.