नाकाची प्लास्टिक सर्जरी: करायच्या आधी काय माहीत हवं
नाकाचा आकार बदलायचा किंवा अपघातात मोडलेलं, वाकडं झालेलं, जन्मतःच व्यंग असलेलं नाक नीट करायचं म्हणून जे ऑपरेशन करतात त्याला राइनोप्लास्टी म्हणतात, बोलताना आपण नुसतं नाकाचं ऑपरेशन म्हणतो. चेहऱ्यावरच्या सर्जरींमधे हे सगळ्यात अवघड ऑपरेशनांपैकी एक मानतात. नाकाचा वरचा भाग हाडाचा, खालचा बराचसा कूर्चेचा (म्हणजे कानात असतं तसं मऊ, लवचीक हाड), मधे दोन नाकपुड्या वेगळ्या करणारा पडदा, आणि या सगळ्यातून दिवसरात्र हवा जात-येत असते, त्यामुळे एक-दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी चेहरा वेगळा दिसतो आणि जास्त कापलं गेलं तर श्वासाला त्रास होतो. म्हणून डॉक्टरकडे गेल्यावर पहिला प्रश्न दिसण्याचा नाही, श्वासाचा विचारायचा. एक नाकपुडी कायम बंद असते का, रात्री तोंडाने श्वास घेता का, सायनसचा किंवा अॅलर्जीचा त्रास आहे का, आधी नाकाला मार लागलाय का, हे सगळं डॉक्टरांनी विचारलंच पाहिजे आणि नाकाच्या आतून तपासलंही पाहिजे. आत न बघता फोटोवरून ऑपरेशनची तारीख देणाऱ्याकडे जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

या ऑपरेशनचा इतिहास आपल्या अगदी जवळचा आहे. सुश्रुतसंहितेत गालाची कातडी वापरून नाक बनवायची पद्धत दिलीये. पुढे कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान इंग्रज फौजेत बैल हाकायचा, १७९२ मधे तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. नंतर पुण्याजवळ विटा बनवणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला कपाळाच्या कातडीचं नवीन नाक करून दिलं. तुटलेल्या नाकावर मेणाचा पातळ पत्रा बसवून माप घ्यायचं, तो पत्रा कपाळावर सपाट ठेवून कडेने रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवायची पण दोन भुवयांच्या मधे थोडी जोडलेली ठेवायची म्हणजे रक्त मिळत राहतं, मग ती फिरवून खाली बसवायची. साधारण पंचविसाव्या दिवशी तो जोड कापायचे. आणि दहाव्या दिवसापासून नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे ठेवायचे, भोकं बुजू नयेत म्हणून, म्हणजे श्वासाची काळजी तेव्हाही होतीच! लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमधे ऑक्टोबर १७९४ ला हा वृत्तांत छापून आला, तो वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मधे तिकडे तसंच ऑपरेशन केलं. कॅन्सरमुळे नाकाचा भाग काढावा लागला तर कपाळाची कातडी आजही अशीच वापरतात.

आता आजचं बघू. बरेच जण मोबाईलमधला सेल्फी दाखवून नाक मोठं दिसतं म्हणतात, पण कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ असला की नाक पुढे असल्याने ते मोठंच येतं. २०१८ मधे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणित मांडून दाखवलं की १२ इंचावरून काढलेल्या फोटोत नाकाचा खालचा भाग ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा साधारण ३० टक्के रुंद दिसतो. तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी लांबून फोटो काढायला सांगा, समोरून आणि बाजूने, आणि मग ठरवा. डॉक्टर कॉम्प्युटरवर नवीन नाक दाखवतात तो अंदाज असतो, गॅरंटी नाही. आपल्याकडे बऱ्याच जणांची नाकाची कातडी जाड असते, तिच्याखाली शेंडा कितीही कोरला तरी बाहेरून तेवढा टोकदार दिसत नाही, हे आधीच समजून घेतलेलं बरं.

वय महत्त्वाचं आहे. चेहऱ्याची वाढ पूर्ण व्हावी लागते, मुलींमधे साधारण १५-१६ आणि मुलांमधे १७-१८ च्या आधी नुसत्या दिसण्यासाठी सहसा करत नाहीत. घरचे म्हणतात म्हणून, स्थळं येत नाहीत म्हणून मुलीला ऑपरेशनला बसवणं चुकीचं आहे, इच्छा तिची स्वतःची पाहिजे. आणि कुणी दिवसातून तासन् तास आरशात नाकच बघत असेल, लोकांना न दिसणारा दोष त्याला खूप मोठा वाटत असेल, बाहेर जाणं बंद झालं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं, कारण या आजारात ऑपरेशन चांगलं होऊनही समाधान मिळत नाही.

डॉक्टर निवडताना पदवी बघा. प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी, किंवा या कामाचा अनुभव असलेले कान-नाक-घशाचे सर्जन. महाराष्ट्रातल्या डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते. भूल कोण देणार हेही विचारा.

ऑपरेशनच्या आधी तंबाखू पूर्ण बंद, निदान चार आठवडे आधी आणि तेवढेच नंतर. यात सिगरेट, गुटखा आणि मिश्रीसुद्धा आली. मिश्री लावणाऱ्या बायका ती व्यसनात धरतच नाहीत, डॉक्टरने विचारलं तरी नाही म्हणतात, पण निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरत नाही. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, रक्त पातळ करायच्या गोळ्या, काढे, आयुर्वेदिक औषधं सगळं सांगायचं, पण हृदयासाठी चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

नंतर साधारण आठवडाभर नाकावर स्प्लिंट, म्हणजे आधाराची कडक पट्टी असते, डोळ्यांभोवती काळंनिळं होतं ते दोनेक आठवड्यांत जातं. पण सूज पूर्ण उतरायला वर्ष लागतं, शेंड्याची सगळ्यात शेवटी. त्यामुळे लग्नाच्या महिनाभर आधी ऑपरेशन करायचं काढू नका, निदान सहा-आठ महिने हातात ठेवा. दाबाची नथ नाकपुडीवर चिमटा घेते, ती आणि चष्मा कधीपासून चालेल हे सर्जनला विचारून घ्या, चष्म्याचं वजन चार-सहा आठवडे तरी नाकावर नको.

धोकेही आहेत. रक्तस्राव, इन्फेक्शन, शेंडा बधिर होणं, पडद्याला भोक पडणं, नाक बसणं, दोन्ही बाजू सारख्या न होणं. १०० पैकी साधारण ५ ते १५ जणांना परत ऑपरेशन लागतं आणि ते पहिल्यापेक्षा अवघड असतं, कारण आत व्रण झालेले असतात आणि कूर्चा कमी उरलेली असते, मग कानाची नाहीतर बरगडीची घ्यावी लागते. त्यासाठी सहसा वर्षभर थांबायला सांगतात. ऑपरेशन नको म्हणून काही जण पार्लरसारख्या ठिकाणी नाकात फिलरचं, म्हणजे कातडीखाली भर घालणाऱ्या जेलचं इंजेक्शन घेतात, ते मात्र अजिबात करू नका, रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते आणि दृष्टीसुद्धा जाऊ शकते.

खर्चाचं असं की नुसत्या दिसण्यासाठीच्या ऑपरेशनला आरोग्य विमा मिळत नाही आणि वर जीएसटी लागतो. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतर नाक परत उभं करायचं असेल तर विमा मिळू शकतो, श्वासासाठी वाकडा पडदा सरळ करायचा असेल तरीही, पण पॉलिसीतला वेटिंग पिरियड (पॉलिसी घेतल्यावर किती काळ त्या ऑपरेशनचे पैसे मिळत नाहीत ते) बघा आणि कंपनीची मंजुरी ऑपरेशनच्या आधी लेखी घ्या. दोन्ही कामं एकाच वेळी होणार असतील तर पडद्याचं बिल आणि आकाराचं बिल वेगळं करून मागा.